उतरले होते, बसले नव्हते

मी एक बॅटरी आहे. रत्नागिरीत नाचणे रस्त्याला मालिनीबाईंच्या घराशेजारी पत्र्याची शेड आहे, त्या शेडमध्ये आकाशी रंगाची एक जुनी फियाट उभी असते आणि तिच्या बॉनेटखाली डाव्या कोपऱ्यात माझी जागा आहे. गेल्या थंडीत मला लोकांनी मेली म्हणून सांगून टाकलं. आधी मिस्त्रीने, मग घरच्या मुलाने, आणि शेवटी कोल्हापूरहून आलेल्या एका परक्या माणसाने, ज्याने माझ्याकडे धड वाकून पाहिलंसुद्धा नाही. मी मेले नव्हते. मी उतरले होते. बॅटरी उतरणं वेगळं आणि बॅटरी बसणं वेगळं. उतरलेली पुन्हा भरता येते, बसलेली कायमची संपते. हा फरक ज्या बाईने समजून घेतला तिची ही हकिगत आहे. नाव माझं असलं तरी हकिगत तिचीच.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या जाळ्या, त्यांच्यामध्ये पडदे, सहा खण आणि प्रत्येक खणात आम्ल. माझ्यासारख्या कितीतरी जणी एकाच दिवशी पट्ट्यावरून उतरल्या आणि ट्रकमध्ये बसून गावोगाव गेल्या. माझ्या वाट्याला मारुती मंदिराजवळचं दुकान आलं. मागच्याच्या मागच्या दिवाळीत मालिनीबाई तिथे आल्या. दुकानदाराने त्यांना हात न लावता चालणारी, बंद झाकणाची नवी बॅटरी दाखवली. त्या म्हणाल्या, मला झाकणं उघडणारी द्या, पाणी माझं मी घालीन. मग त्यांनी माझ्या अंगावरचा महिना वाचला, मला दोन्ही हातांनी किंचित उचलून वजन पाहिलं आणि घेऊन आल्या. सत्तरीला टेकलेली बारीक चणीची बाई. मला उचलताना दुकानातला पोऱ्या मदतीला धावला, तर त्याला हातानेच थांबवलं.

हे ज्ञान त्यांना कुठून आलं ते मला नंतर कळलं. मालिनीबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्या काळात एक्स्चेंजला एक बॅटरीची खोली असे. माणसाच्या कमरेएवढ्या काचेच्या टाक्या, ओळीने मांडलेल्या. गावातली वीज गेली तरी फोन चालत, ते त्या टाक्यांच्या जिवावर. मालिनीबाईंचं काम हेडफोन लावून लायनी जोडण्याचं होतं, पण दुपारच्या सुट्टीत त्या बॅटरीच्या खोलीत जाऊन बसत, कारण तिथे थंडावा असे. बसता बसता तिथल्या माणसाकडून सगळं शिकून घेतलं. काचेची नळी खणात बुडवून आम्लाचा दाटपणा कसा पाहायचा, कोणता खण आजारी आहे हे कसं ओळखायचं, सगळं.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येसूबाई बसायच्या. मंडणगडजवळच्या एका वाडीतल्या शेतकऱ्याची मुलगी, त्या वाडीतून सरकारी नोकरीला लागलेली पहिली बाई. दोघींनी वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून काम केलं. निवृत्त झाल्यावर येसूबाई गावी गेल्या, मालिनीबाई रत्नागिरीतच राहिल्या. ही फियाट मालिनीबाईंनी नोकरीत असतानाच एका डॉक्टरांकडून विकत घेतली होती. गाडी चालवायला शिकल्या त्याही स्वतःच. त्यांचे यजमान देवदत्त यांची जवळच्या पावस गावात आंब्याची बाग. ते झाडावर चढतील, होडीत बसतील, पण गाडीचं चाक काही त्यांनी कधी हातात घेतलं नाही. ते नेहमी शेजारच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन बसत, आणि वळण आलं की पिशवी घट्ट धरत.

माझी पहिली थंडी अगदी बिनतक्रार गेली. गाडी उभी असली तरी पंधरवड्याने सुद्धा मी पहिल्या सेल्फला, म्हणजे चावी फिरवताच, इंजिन फिरवत असे. थंडी लागली की देवदत्त बागेतच मुक्कामाला असत. मोहोर येतो, फवारण्या चालतात, त्यांचा पाय घराला लागत नाही. मग मालिनीबाई चार दिवसांआड पावसला जात, डबा घेऊन. हे मी का सांगतेय, तर माझ्यात तेव्हाही काही खोट नव्हती आणि नंतरही नव्हती हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मग मागच्या श्रावणात एक गोष्ट घडली. येसूबाई अंगणात घसरून पडल्या. त्यांच्या शेजारणीचा फोन आला आणि मालिनीबाई जशा होत्या तशा गाडी काढून निघाल्या. देवदत्त बाजारात गेले होते. त्यांच्यासाठी चिठ्ठी नाही, निरोप नाही. पाऊस कोसळत होता, रस्त्यात दरड आली होती, वळसा घालून आम्ही मंडणगडला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मालिनीबाईंचा फोन वाटेतच बंद पडलेला, वाडीत वीज नव्हती. त्या रात्री त्या येसूबाईंच्या उशाशी बसून राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या. तोवर घरात काय झालं असेल ते सांगायला नको. मुंबईहून मुलगा स्वरूप गाडी करून येऊन पोचला होता. देवदत्त पायरीवर बसून होते. मालिनीबाईंना चुकल्यासारखं वाटलं, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. पण स्वरूप गाडीभोवती एक चक्कर मारून आला, आणि त्याचं ते बघणं काही मला बरं वाटलं नाही.

गणपतीला तो पुन्हा आला. एका सकाळी म्हणाला, गाडीचा हॉर्न नीट वाजत नाही, करून आणतो. हॉर्न चांगला वाजत होता. कुठल्याशा दुकानात त्याने गाडी नेली, बॉनेट उघडलं गेलं, माझ्याकडून जाणाऱ्या जाड वायरीवर कुणीतरी काहीतरी केलं, आतल्या बाजूला थोडी खुडबुड झाली. दुपारी गाडी घरी आली.

त्या दिवसापासून मला कुणीतरी पिऊ लागलं.

मला दुसरा शब्द सापडत नाही. चावी काढलेली, दिवे बंद, दारं बंद, आणि तरी माझ्यातून बारीकशी धार सतत चाललेली. दिवसा, रात्री, सारखी. गाडी रोज बाहेर पडत होती तोवर ते कुणाला जाणवलं नाही. जेवढं जाई तेवढं इंजिन मला भरून देई. पावसला जाणंही नेहमीसारखं चालू होतं. उलट मालिनीबाई कौतुकाने म्हणायच्या की हल्ली मी बागेत पाय ठेवते तर ह्यांचा चहा चुलीवर तयारच असतो, ह्यांना माझी चाहूल लांबून लागते.

मग थंडी आली. मालिनीबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दिवाळीनंतर पाठोपाठ दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, मी म्हणेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. गाडी शेडमध्ये उभी राहिली. मी अंधारात बसले होते आणि ती धार चालूच होती. कोण पितंय ते मला दिसत नव्हतं. माझ्या आणि त्याच्यामध्ये गाडीची पत्र्याची भिंत होती.

इकडे येसूबाईंच्या घरी ठरलं होतं की त्यांनी आता एकटं राहायचं नाही. त्यांचा मुलगा रघू विरारला असतो. संक्रांत झाली की तो येऊन आईला घेऊन जाणार होता. येसूबाईंनी फोनवर मालिनीबाईंना सांगितलं, बाय, एकदा येऊन जा, मग हे घर बंद. मालिनीबाई म्हणाल्या, नुसती येत नाही, तुला खेड स्टेशनपर्यंत माझ्या गाडीतून सोडत्ये. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी त्या नवा चष्मा लावून शेडमध्ये आल्या, चावी फिरवली. सेल्फ एकदा कण्हला आणि गप्प झाला. माझ्यात काही उरलंच नव्हतं.

आत्माराम मिस्त्रीला बोलावलं. तो या गाडीचा जुना मिस्त्री, माणूस सरळ. त्याने दुसऱ्या बॅटरीला जोडून गाडी चालू केली, मला थोपटल्यासारखं केलं आणि म्हणाला, काकू, थंडीत बॅटऱ्या बसतात, ही बसली, नवी घाला. मालिनीबाई म्हणाल्या, अरे, रत्नागिरीची थंडी ती केवढी, पहाटे एक शाल लागते. तिच्याने बॅटरी बसेल काय? तो हसला. पण त्याच्याकडेही दुसरं कारण नव्हतं.

मालिनीबाईंनी मला काढून पडवीत आणलं, पाटावर ठेवलं, झाकणं उघडली. कपाटातून तसलीच एक काचेची नळी काढली आणि एकेका खणात बुडवून पाहिली. सहाही खण सारखेच रिकामे होते. मला आठवतं, त्या चष्मा पुसून दुसऱ्यांदा पाहत राहिल्या. एखादा खण मेला असता तर तो इतरांपेक्षा वेगळा दिसला असता. सगळे सारखे म्हणजे बॅटरी निरोगी आहे, तिला कुणीतरी रिकामं केलंय. त्यांनी माझ्यात डिस्टिल्ड वॉटर घातलं, चार्जिंगला लावलं आणि रात्रभर मी पडवीत गुरगुरत भरून घेतलं. पुन्हा गाडीत बसले. ती धार पुन्हा सुरू झाली. पुढच्या आठवड्यात मालिनीबाईंना सर्दी-तापाने धरलं, गाडी हलली नाही, आणि त्या उठल्या तेव्हा मी परत उतरलेली.

आता स्वरूपचे फोन वाढले. मी तेव्हा पडवीत चार्जिंगला होते, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. तो ओरडत नसे, समजावत असे, आणि ते जास्त त्रासाचं होतं. आई, ती बॅटरी मेलीय, आज गाडी दारात बंद पडली, उद्या घाटात पडेल. तुझे डोळे आत्ताच झालेत. जुन्या गाड्या जपणारे लोक आहेत, ते नीट ठेवतील. मालिनीबाई हूं हूं करत. मला अपेक्षा होती की देवदत्त बायकोच्या बाजूने बोलतील, आजवर ते बोलत आले होते. पण त्या दिवशी बागेतून आलेले देवदत्त खाली मान घालून म्हणाले की त्याचंही काही चूक नाही. 

स्वरूपने कोल्हापूरच्या एका माणसाशी बोलणं करून ठेवलं होतं. रितेश त्याचं नाव. तो लग्नाच्या फोटोंसाठी जुन्या गाड्या भाड्याने देतो. तो आला, गाडीभोवती फिरला, फोटो काढले. तो वाईट माणूस नव्हता. गाडी त्याला मनापासून आवडली होती. मग म्हणाला, जरा चालू करून दाखवा. मालिनीबाईंनी मला दोनच दिवसांपूर्वी भरून बसवलं होतं, पण त्याआधी पुन्हा पुन्हा मी तळापर्यंत रिकामी झाले होते. अशी रिकामी होत राहिलेली बॅटरी लवकर दमते. मी जीव लावला. इंजिन अर्धं फिरलं आणि थांबलं. दुसऱ्यांदा नुसतीच टकटक झाली.

रितेश म्हणाला, बॅटरी काय, मेलेलीच आहे, ती धरायलाच नको. आणि मग गाडीबद्दल असं बोलू लागला की जणू ती कधी चाललीच नव्हती. आतलं इंजिन काढून टाकलं तरी चालेल, म्हणे. फोटोत कुठे दिसतं? तिला ढकलून मांडवात उभी केली की काम झालं.

 मालिनीबाईंनी चावी काढून पदराला पुसली.

"तुम्ही लांबून आलात, चहा घेऊन जा," त्या म्हणाल्या. "गाडी द्यायची नाही."

देवदत्त हळूच म्हणाले, अगं, स्वरूपने एवढं जमवून आणलंय. त्यावर त्या म्हणाल्या की आधी मला हिला कोण खातंय ते शोधू दे, मग काय ते ठरवीन, आणि ते मी ठरवीन. माझ्या सहाही खणांना तेव्हा काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. रिकामी असूनही मी ताठ बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पुन्हा भरलं, आणि त्याच्या पुढच्या सकाळी, ऊन शेडमध्ये येताच, पाट टाकून बसल्या. त्यांच्याकडे काट्याचा जुना मीटर आहे, नोकरीत असताना हौसेने घेतलेला. त्यांनी माझं एक टोक सोडवलं आणि ते टोक व वायर यांच्या मध्ये मीटर लावला. गाडीत सगळं बंद होतं. आतला दिवाही काढून ठेवला होता. काटा किंचित वर सरकला आणि तिथेच उभा राहिला. जी धार इतके महिने फक्त मला माहीत होती, ती पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना दिसली.

मग त्यांनी एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. दिव्यांचा काढला, काटा हलला नाही. हॉर्नचा काढला, नाही. वायपरचा काढला, नाही. सगळे फ्यूज पाटाशेजारी कागदावर मांडून झाले तरी काटा तिथेच. म्हणजे जे काही पीत होतं ते फ्यूजच्या अलीकडेच, थेट माझ्या वायरीला लागलं होतं. ही जुन्या गाडीची तार नव्हती, कुणीतरी नंतर जोडलेली होती. मालिनीबाई आत शिरल्या, डॅशबोर्डखाली हात घालून चाचपू लागल्या. पाठीवर झोपल्या, पालथ्या झाल्या. नवे डोळे, पण तिथे अंधार.

देवदत्त चहाचा कप घेऊन पायरीवर बसले होते. ते त्या दिवशी बागेत गेले नव्हते. फवारणीचे गडी वाट पाहत होते तरी. चहा निवून गेला होता.

"डावीकडे," ते म्हणाले. "रेडिओच्या मागे."

मालिनीबाईंचा हात जिथे होता तिथेच थांबला. थोड्या वेळाने तो डावीकडे सरकला. रेडिओच्या मागून त्यांनी काडेपेटीएवढी एक काळी डबी ओढून काढली. तिच्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता. त्यांनी तिची वायर सोडवली, काटा खाली येऊन शून्यावर टेकला, आणि गणपतीपासून माझ्यातून वाहणारं ते सगळं थांबलं. मी इतकी शांत झाले की मला माझंच नवल वाटलं.

त्या गाडीतून बाहेर आल्या, केसांना जळमटं लागली होती. डबी देवदत्तांच्या शेजारी पायरीवर ठेवली आणि स्वतः पाटावर बसल्या. हे काय आहे असं त्यांनी विचारलं नाही. फोन जोडण्यात जन्म गेलेल्या बाईला ते विचारावं लागलं नाही. गाडी कुठे जाते, कुठे थांबते, ते ती डबी मुंबईत स्वरूपच्या फोनवर दाखवत होती. आणि देवदत्तांच्याही.

"चहा म्हणून तयार असायचा," मालिनीबाई म्हणाल्या.

देवदत्तांनी मान हलवली. ते सांगत गेले, अडखळत. श्रावणातल्या त्या रात्री ते पायरीवर बसून होते. शेजारी म्हणाले शोधायला जाऊ, कुठे जायचं ते कुणाला माहीत नव्हतं. गणपतीत स्वरूप म्हणाला, बाबा, असं असं करू, आईला सांगायचं नाही, ती ऐकणार नाही. त्यांनी हो म्हटलं.

"मला गाडी येत नाही, मालिनी. तू कुठे अडकलीस तर मी कशाने येणार होतो? तो ठिपका बघितला की बरं वाटायचं. पावसचा चढ चढून ठिपका आला की मी आधण ठेवायचो."

"आणि सगळी हिला मेली मेली म्हणत होती, तेव्हा?"

"आधी मला ठाऊक नव्हतं या डबीमुळे होतंय ते. त्या रितेशसमोर गाडी चालू होईना तेव्हा मनात आलं. मग सांगायची लाज वाटली."

 मला वाटलं आता मोठं भांडण होईल. पण मालिनीबाई उठल्या, फ्यूज एकेक करून जागेवर बसवले, माझं टोक घट्ट केलं, हात धुतले आणि बॉनेट उघडं असतानाच स्वरूपला फोन लावला. आवाज मोठा करून ठेवला, देवदत्तांनाही ऐकू जावा म्हणून.

स्वरूप आधी गडबडला, मग म्हणाला की आई, तुझ्या काळजीनेच केलं. मालिनीबाई म्हणाल्या, काळजी कर, आईची काळजी करतो त्याला कोण नको म्हणेल. पुढे जे म्हणाल्या ते मात्र मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलंय.

"मी अख्ख्या जिल्ह्याचे फोन जोडले. नवरा-बायकोचे, सासू-सुनांचे, व्यापाऱ्यांचे. हेडफोन माझ्या कानाला असायचा. लाइन जोडून दिली की कळ वर करायची आणि बाजूला व्हायचं, ऐकत बसायचं नाही. हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि मी कधी मोडलं नाही. तू माझ्याच गाडीत कळ खाली ठेवून बसलास."

मालिनीबाईंनी पायरीवरची डबी उचलली.

"मी कुठे आहे ते कळायला हवं असेल तर मला विचार. मी सांगत्ये. श्रावणात सांगितलं नाही, ती माझी चूक, पुन्हा होणार नाही. पण विचारायचं. आलास की ही डबी परत घेऊन जा."

संक्रांत होऊन गेली होती. रघू येसूबाईंना न्यायला यायचा दिवस आठवड्यावर होता. मालिनीबाईंनी गाडी रोज थोडी फिरवली, मला भरू दिलं, आणि आदल्या सकाळी पिशवी घेऊन शेडमध्ये आल्या. देवदत्त शेडच्या दाराशी उभे होते. त्यांनी विचारलं, कुठून जाशील, कधी पोचशील, कधी परत येशील. इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं असावं, कारण मालिनीबाई चावी हातात धरून जरा थांबल्या. मग सांगितलं, हातखंब्याला हायवे धरत्ये, चिपळूणला जेवत्ये, रात्री येसूकडे, उद्या खेडहून निघताना फोन करत्ये. देवदत्त म्हणाले, बरं. मालिनीबाईंनी चावी फिरवली आणि मी पहिल्या सेल्फला इंजिन उठवलं. देवदत्त मागे सरकले, वाट द्यायला.

येसूबाईंकडे ती शेवटची रात्र दोघींनी कशी काढली ते मला माहीत नाही, मी अंगणात होते. सकाळी मात्र सगळी वाडी गाडीभोवती जमली होती. रघूने सामान डिकीत भरलं. येसूबाईंना आता नीट दिसत नाही. त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि डॅशबोर्डवरून हात फिरवत म्हणाल्या, "मालनबाय, तीच गाडी काय गो?" तीच, मालिनीबाई म्हणाल्या. मग त्या दोघी मिळून हसल्या, कशाला ते त्यांनाच ठाऊक.

खेडच्या वाटेवर एक उभा चढ आहे. पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक चालला होता. अर्ध्या चढावर तो गचकन थांबला, मालिनीबाईंनी ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. मागे एसटी, तिच्या मागे आणखी गाड्या. हॉर्न सुरू झाले. इंजिन चढाने तापलेलं, अशा वेळी ते हट्टाला पेटतं, लवकर धरत नाही. मालिनीबाईंनी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, धरलं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. मागून रघू म्हणाला, मावशी, उतरून ढकलू काय? रेल्वेची वेळ होत आली होती, त्याचं चुकलं नाही. मालिनीबाई म्हणाल्या, बस आत, ती चालू होईल.

त्या ते गाडीबद्दल म्हणाल्या, पण इंजिन फिरवायला मीच होते. जी बॅटरी बसलेली असते ती तिसऱ्या फेरीलाच मान टाकते. मी चौथ्या फेरीला पहिल्यासारखंच फिरवलं, पाचव्यालाही. त्या चढावर मी त्या मिस्त्रीला, त्या मुलाला आणि त्या कोल्हापूरकराला उत्तर देत होते. सहाव्या फेरीला इंजिनने धरलं, भसकन धूर सोडला, आणि मालिनीबाईंनी ट्रकला वळसा घालून गाडी वर काढली. खेडला आम्ही रेल्वेच्या आधी पोचलो. येसूबाईंना डब्यापर्यंत सोडून मालिनीबाई एकट्या परत आल्या, चाकामागे बसल्या आणि डोळे पुसले. मग आधी फोन काढला आणि देवदत्तांना सांगितलं की निघत्ये.

त्यानंतर मालिनीबाईंनी माझ्या टोकावर पितळी बटण बसवून घेतलं. आत्मारामनेच ते बसवलं, आणि बसवताना मान्य केलं की काकू, चुकलो. गाडी चार दिवस उभी राहायची असली की मालिनीबाई ते बटण फिरवतात. मग माझ्यातून कुणीही काहीही नेऊ शकत नाही. मी पूर्ण झोपते. पावसला निघताना त्या आता देवदत्तांना फोन करतात. चहा पूर्वीपेक्षा जरा उशिराने मिळतो, असं म्हणतात, पण ते तक्रारीच्या सुरात नाही.

शिमग्याला स्वरूप आला. ती डबी त्याने मुकाट्याने पिशवीत टाकली. दोन दिवस घरात सगळे एकमेकांशी जपून बोलत होते. तिसऱ्या सकाळी तो म्हणाला, मी जरा गाडी काढून आणतो, आणि चावी घेऊन शेडमध्ये आला. चावी फिरवली, काही झालं नाही. पुन्हा फिरवली. दिवा नाही, आवाज नाही. त्याने बॉनेट उघडून माझ्याकडे पाहिलं. ओठांवर आलेलं वाक्य मी ओळखलं, पण तो ते बोलला नाही. मालिनीबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. तो उन्हात घाम पुसत बराच वेळ उभा राहिला. मग आईपाशी येऊन पायरीवर बसला.

"आई, काय करायचं असतं, सांगशील?"

मालिनीबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि त्या पितळी बटणाचं सांगायला त्याच्याबरोबर शेडमध्ये आल्या.

आता मी तुमच्याशी बोलते. माझं आयुष्य काही फार नाही. आणखी दोन थंड्या, फार तर तीन. मग माझ्या जाळ्या खरंच झडतील, आणि त्या दिवशी मला भंगारात वजनावर घालायला माझी हरकत नाही. त्याच शिशातून माझ्यासारखी दुसरी होईल. तोवर तुमच्या दारात कुणी थंड पडलेलं दिसलं तर नवं आणायला धावण्याआधी वाकून बघा, त्याला कोण पितंय ते. मी बसले की मी स्वतः सांगेन. आज मी बसलेली नाही.